घरातला दाता

शैलजाबाई मुलीकडे साताऱ्याला राहायला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत नऊ साड्या होत्या आणि परकर एकही नव्हता. दोन चष्मे होते, दोन्ही एकाच नंबरचे. नववीचं जीवशास्त्राचं जुनं पाठ्यपुस्तक होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कान तुटलेला एक कप होता. आणि श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा प्लास्टिकचा डबा होता, ज्यात उरलेली औषधं ठेवलेली होती. ऋजुतानं ती मोजली. तापाच्या सात गोळ्या, पित्ताच्या अकरा, आणि तीन वेगवेगळ्या आजारपणांतून मागे राहिलेल्या प्रतिजैविकांच्या अठरा.

उरलेलं औषध टाकायचं नाही, हा हर्डीकरांच्या घरचा जुना नेम. लागतं कधीतरी. ऋजुता दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधातले जंतू मोजायचं काम करत होती. असल्या गोळ्या घरात ठेवू नयेत, हे तिला दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नव्हती. तिनं डबा उचलला, तशी आईनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"राहू द्या हो, जोगळेकरबाई. लागतं."

आई वाईच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, जोगळेकरबाई तिथेच भूगोल. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी म्हणून ऋजुताला ओळखणं आईनं गेल्या वर्षीच, फोनवरही, सोडलं होतं. ऋजुतानं डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. टाकला नाही. ती त्याच घरात वाढली होती.

दुसरी मोजणी पंधरा दिवसांनी विस्मरणावर काम करणाऱ्या पुण्याच्या संशोधन केंद्रातून आली. शैलजा हर्डीकर, वय चौऱ्याहत्तर. आतड्यात जिवाणूंच्या एकसष्ट प्रजाती. त्या वयाच्या निरोगी बाईत दीडशेच्या आसपास सापडतात. केंद्राच्या यादीतल्या एकोणीस उपयोगी प्रजातींपैकी तीन. मेंदूच्या दाहाचा निर्देशांक अठ्ठ्याहत्तर. तो चाळिशीच्या आत हवा. स्मृतिचाचणीत तीसपैकी अकरा.

"विसरण्याचं मूळ डोक्यात असतं असं आपण शंभर वर्षं धरून चाललो," डॉक्टर रेगे म्हणाल्या. मेजावरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी आधी डोकं म्हणून एक मडकं काढलं आणि मग त्याच्या खाली आतड्याची एक लांबलचक नळी. "मेंदूत काही पहारेकरी पेशी असतात. मेलेल्या पेशी उचलायच्या, कचरा साफ करायचा, हे त्यांचं काम. त्या शांत असल्या की मेंदू शांत. पण त्यांना सतत कुणी चिथावत राहिलं, तर त्या चोर आणि घरधनी यांत फरक करत नाहीत. चांगल्या जोडण्याही तोडून टाकतात. याला आम्ही दाह म्हणतो."

"आणि चिथावतं कोण?" ऋजुतानं विचारलं.

"बऱ्याचदा हे." डॉक्टरांनी पेन्सिल नळीवर टेकवली. "भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो काही जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं साधं आम्ल तयार होतं. आतड्याचं अस्तर त्यावरच जगतं. हे जिवाणू संपले की अस्तर विरतं, आतली घाण थोडी थोडी रक्तात झिरपते, आणि पहाऱ्याला चोवीस तास भोंगा ऐकू येत राहतो. आम्ही निरोगी माणसाच्या आतड्यातला संपूर्ण समाज उचलून रोग्याच्या आतड्यात वसवतो. कॅप्सूलमधून. सगळ्यांना गुण येतो असं नाही. लवकर आलेल्यांत दहातल्या चौघांना येतो."

अट एकच होती. दाता घरातला हवा, एकाच चुलीवरचं जेवणारा. परक्या घरचे जिवाणू इथल्या जेवणावर तग धरत नाहीत, हे केंद्रानं आधीच्या तीन वर्षांत फुकट गेलेल्या कॅप्सूलांवरून शिकून घेतलं होतं.

घरात माणसं तीन. ऋजुताचा नमुना बाद झाला: लहानपणापासून जरा शिंक आली की प्रतिजैविकं घेतलेली, एकोणीसपैकी चारच प्रजाती. दुसरा नमुना तिच्या नवऱ्याचा, सुगत बनसोडेचा. एकोणीसपैकी सतरा.

"लहानपणी काय खायचात तुम्ही?" डॉक्टर रेगेंनी कौतुकानं विचारलं.

"मिळेल ते," सुगत म्हणाला. तो पाटबंधारे खात्यात अभियंता होता आणि मूळचा मंगळवेढ्याकडचा. "ज्वारीची शिळी भाकरी, आंबील, बांधावरची पालेभाजी. आणि गोळ्या म्हणाल, तर दवाखाना अकरा किलोमीटरवर. तिथवर जाईपर्यंत ताप आपला आपणच उतरायचा."

डॉक्टर हसल्या. ऋजुताला मात्र हसू आलं नाही. तिला कप आठवला.

पंधरा वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीनं लग्न केल्यावर ती सुगतला घेऊन एकदाच वाईला गेली होती. आईनं दार उघडलं, बसा म्हणाली, चहाही केला. दोन कप चिनीमातीचे, निळ्या नक्षीचे. तिसरा कान तुटलेला. तो एरवी मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. भांडी घासणाऱ्या यशोदाबाईंना त्यातूनच चहा मिळायचा. सुगत तो दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला. एसटीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "चहा चांगला होता." त्यानंतर ऋजुता माहेरी गेली नाही. भाऊ परदेशी गेला, आईचं विसरणं वाढलं, शेजाऱ्यांचे फोन येऊ लागले, तेव्हा तिला आणायला सुगतच गेला. कपही त्याच्यादेखत बॅगेत भरला गेला होता.

"त्यांना विचारायला नको?" संमतिपत्र समोर आल्यावर तो म्हणाला.

"कुणाला विचारू? ती मला भूगोलाच्या बाई समजते."

"आणि शुद्धीवर आल्यावर कळलं तर?"

"कळण्याइतकी शुद्धीवर आली, तर मला आणखी काय हवंय?" असं म्हणून ऋजुतानं सही केली.

मार्चमध्ये कॅप्सूल सुरू झाल्या. केंद्रानं रोज भरायचा एक तक्ता दिला: दिलेलं अन्न, ग्रॅममध्ये. देणारी व्यक्ती. उरलेलं अन्न, ग्रॅममध्ये. जिवाणू काय खातात हे कळल्याशिवाय ते का जगले किंवा का मेले, हे कळायचं नाही.

देणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात बहुतेक वेळा सुगतचं नाव पडायचं. आई इतर कुणाच्या हातून जेवतच नसे. तो तिच्या लेखी अण्णा होता, तिचा थोरला भाऊ. ती अकरा वर्षांची असताना तो कृष्णेत बुडाला होता.

"अण्णा, मेतकूट आणलंस?"

"आणलं की. आ करा."

"करा काय म्हणतोस रे? मी काय पाव्हणी आहे?"

"बरं बाई, आ कर."

ती खुदकन हसायची आणि आ करायची. गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट, वर तुपाची धार. उरलेलं अन्न: शून्य ग्रॅम. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं भाताच्या जागी ज्वारीच्या कण्या आणि आंबील आणली, तर तेही शून्य.

"बघ," तो ऋजुताला म्हणायचा, "जावई म्हणून नापास झालो, पण भाऊ म्हणून पहिल्या वर्गात."

सातव्या आठवड्यात आईनं परकर मागितला. नवव्या आठवड्यात वर्तमानपत्रातलं कोडं सोडवलं आणि एका शब्दाला आडवी रेघ मारून समासात लिहिलं, "कवक म्हणजे वनस्पती नव्हे!" दहाव्या आठवड्यात दाहाचा निर्देशांक एकतीसवर आला.

आणि बाराव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, ऋजुताला आल्याच्या वासानं जाग आली. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. पाठ ताठ, पदर खोचलेला.

"उठलीस का, ऋजू? किती वाळलीयेस ग तू."

पंधरा वर्षांचा दुरावा, त्यात शेवटचं वर्षभर ओळखही नाही. ऋजुतानं ओट्याची कड धरली. तिला रडू आलं, आणि ते लपवायला तिनं गाळणी उचलली. तेव्हा तिला कप दिसले. दोन कप तिच्या घरातले, पांढरे, नेहमीचे. तिसरा जरा बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. त्याला कान नव्हता.

"तो त्यांचा," आई सहज म्हणाली.

सुगत दारात उभा होता. तो पुढे आला, त्यानं कप दोन्ही तळव्यांत धरला आणि चहा प्यायला.

"अण्णा गेला म्हणायचा," तो म्हणाला आणि कप धुऊन पालथा घातला.

त्या दिवशीचा तक्ता ऋजुतानं नेहमीसारखाच भरला. दिलेलं अन्न: दोनशे चाळीस ग्रॅम. देणारी व्यक्ती: सुगत. उरलेलं अन्न: दोनशे चाळीस ग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून आई स्वतःचं स्वतः वाढून घेऊ लागली.

महिन्याभरानं तपासणी झाली. स्मृतिचाचणीत तीसपैकी सव्वीस. चोविसाच्या वर गेलेल्या रोग्याला स्वतःचा अहवाल वाचायचा हक्क असतो, आणि उपचाराच्या पुढच्या फेरीला त्याची स्वतःची सही लागते. डॉक्टर रेगेंनी आनंदानं कागद आईपुढे सरकवले. आईनं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं, उत्तरपत्रिका तपासताना वाचायची तसं, बोट ओळीखाली ठेवून.

"उत्तम काम आहे," ती म्हणाली. "दाता कोण?"

"ते सांगता येत नाही, बाई. घरातली व्यक्ती, एवढंच."

"घरात माणसं तीन. एक मी. दुसरी ही, हिचा नमुना बाद, असं पान चारवर लिहिलंय." तिनं चष्मा काढून त्याची घडी केली. "तीनातून दोन गेले."

सुगत बाहेर गाडीपाशी थांबला होता. आईनं पेन मागून घेतलं आणि संमतीच्या कागदावर, जिथे सही करायची तिथे, फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं: "मी पूर्ण शुद्धीवर आहे. हा उपचार मला पुन्हा देऊ नये, मी विसरले तरी देऊ नये." खाली सही, तारीख, वेळ.

घरी आल्यावर ऋजुता तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंस ना ग तू?"

"पस्तीस नाही. छत्तीस."

"मग? काय वेगळं असतं त्याच्या जिवाणूंत? सांग ना. फळ्यावर आकृती काढून सांग."

"आवाज खाली. काही वेगळं नसतं. जिवाणूंना जात नसते, हे मला तुझ्याआधी माहीत आहे." आई पलंगाच्या कडेवर बसली. "मला आहे."

"त्याच्या हातून तू तीन महिने जेवलीस. त्यानं तुझे केस विंचरलेत, आई. तुझी नखं कापलीत."

"ती मी नव्हते."

"ती बरी होती तुझ्यापेक्षा!"

आई अगदी शांतपणे म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. हे तुलाही ठाऊक होतं. म्हणून मी विचारण्याजोगी नसताना तू ठरवलंस. त्याचं काही नाही, तुझं चुकलं."

संमतिपत्रावरची सही ऋजुताचीच होती.

पुढचे काही दिवस घर विलक्षण शांत होतं. आई कुणाला टाकून बोलत नव्हती. दुपारी पाठ्यपुस्तक वाचायची, संध्याकाळी झाडांना पाणी घालायची. ऋजुताला वाटलं, निवळतंय. त्यातच तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा दिसल्या: रोजच्या चौकोनात दोन बारीक बरोबरच्या खुणा, एक सकाळची, एक संध्याकाळची. वाईच्या घरी आई दुधाची खूण अशीच करायची.

"सुगत, हे बघ," तिनं हाक मारून दाखवलं. "आई दुधाच्या खुणा करायला लागली. जुन्या सवयी सगळ्या परत येतायत."

"दूध तर तू संघातून आणतेस. तेही एकदाच," सुगत म्हणाला.

"सवय रे. हात आठवतो."

नवव्या दिवसानंतर खुणा थांबल्या. अकराव्या दिवशी आईला जुलाब सुरू झाले. बाराव्या दिवशी ऋजुतानं केंद्राच्या नियमाप्रमाणे नमुना घेतला आणि पुण्याला पाठवला. अहवाल येईपर्यंत तिला धीर निघाला नाही. तिनं स्टूल ओढून कपाटाच्या वरच्या फळीवरून श्रीखंडाचा डबा काढला. तापाच्या सात गोळ्या. पित्ताच्या अकरा. तीन रिकामी पाकिटं, नीट चपटी करून एकावर एक ठेवलेली. कॅलेंडरवरच्या खुणा मोजायला ती गेली, पण आकडा तिला आधीच माहीत होता: अठरा.

"तुला कळत होतं ना, यानं काय होईल?" तिनं विचारलं.

"नववीचा धडा आहे," आई म्हणाली. ती थकली होती, पण नजर स्वच्छ होती. "प्रतिजैविक बरे-वाईट असा भेद करत नाही. सगळं जातं. त्यांचंही आणि माझं उरलंसुरलंही." मग तिनं हात पुढे केला. "ये अशी, ऋजू. बस जवळ. थोडे दिवस आहेत अजून."

ते थोडे दिवस एकोणचाळीस भरले. त्या दिवसांत आईनं ऋजुताला लोणच्याचं प्रमाण सांगितलं, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगितलं, लहानपणी ती सर्वांत आधी कोणता शब्द बोलली ते सांगितलं. सुगतबद्दल एक अक्षरही काढलं नाही. चाळिसाव्या दिवशी सकाळी ती दारात घुटमळली आणि म्हणाली, "जोगळेकरबाई, आज तुमचा पहिला तास नाही का?"

केंद्राचा अहवाल तोवर आला होता. प्रजाती त्रेचाळीस. एकोणीसपैकी शून्य.

"आम्हाला आता काही करता येणार नाही," डॉक्टर रेगे फोनवर म्हणाल्या. "त्यांनी शुद्धीवर असताना लिहून दिलंय. मी विसरले तरी, हेसुद्धा. तुमच्याकडे किती कॅप्सूल उरल्यात?"

"बारा."

"त्या नष्ट करा आणि तसं कळवा. तुमच्या प्रयोगशाळेत सोय असेलच."

बारा कॅप्सूल म्हणजे उपचाराची एक पूर्ण फेरी. फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे, निळ्या झाकणाच्या डबीत. त्या रोज दोन दिल्या, तर आईनं काही न विचारता गिळल्या असत्या. अण्णानं दिल्या असत्या तर हसत गिळल्या असत्या.

ऋजुतानं डबी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. आत, आईच्या खोलीत, सुगत तिचे केस विंचरत होता.

"द्यायच्या का?" तिनं दारातून विचारलं.

"मला नको विचारूस." त्यानं मान वर केली नाही. "आधी विचारायला हवं होतं त्यांना, तेव्हा विचारलं नाही. आता त्यांनी न विचारता सांगून ठेवलंय."

"पुन्हा बरी होईल कदाचित."

"होतील. मग पुन्हा चहा करतील." त्यानं कंगव्यातले पांढरे केस काढून बोटाभोवती गुंडाळले. "मी पिईन. मला काही नाही. तुला बघवेल का, ते तू ठरव."

"अण्णा, ओढू नको रे," आई तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि मान मागे टाकून त्याच्या पोटाला टेकवली.

ऋजुता बघत राहिली. आईनं लिहून दिलंय म्हणून, असं ती स्वतःला म्हणाली. ते खरंही होतं. पण टेबलाकडे वळताना तिला हेही नीट कळलं, की त्या कागदावर एक अक्षर नसतं, तरी तिनं आत्ता हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिनं डबी ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवली. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं. नियमाप्रमाणे त्यातल्या एका कॅप्सूलचा अंश तिनं प्राणवायूविना बंद केलेल्या बशीत वाढायला ठेवला आणि अठ्ठेचाळीस तासांनी भिंगाखाली पाहिला. जिवाणूंची एकही वसाहत नव्हती. तसं तिनं पुण्याला कळवलं. उत्तरात डॉक्टर रेगेंनी आभार मानले आणि शेवटचा तक्ता तेवढा भरून पाठवा, असं लिहिलं.

तिनं तो त्याच संध्याकाळी भरला.

स्मृतिचाचणी: तीसपैकी नऊ. दाहाचा निर्देशांक: चौऱ्याऐंशी. मुलीला ओळखलं: नाही. दिलेलं अन्न: दोनशे चाळीस ग्रॅम. देणारी व्यक्ती: सुगत. उरलेलं अन्न: शून्य ग्रॅम.